देवीची श्रमनिद्रा आणि बाईचे श्रम

तुळजापूरच्या भवानीचें नांव घेतलें कीं महाराष्ट्रीय मनापुढें जी मूर्ति उभी राहते ती अष्टभुजा, शस्त्रधारिणी, महिषासुरावर पाय रोवून उभी असलेली. तिच्या हातांतील आयुधें आम्हां सर्वांच्या परिचयाचीं आहेत. तिच्या तलवारीची आख्यायिका मराठी मुलास शाळेंत जाण्यापूर्वींच ठाऊक झालेली असते. परंतु ह्याच देवीच्या वार्षिक क्रमांतील एका गोष्टीकडे आम्हां सुशिक्षितांचें लक्ष फारसें जात नाहीं. ही देवी झोंप घेते. वर्षांतून तीन वेळां तिची मूर्ति सिंहासनावरून हलवून पलंगावर निजविण्यांत येते. शारदीय नवरात्रापूर्वीं भाद्रपद वद्य पक्षांत होते ती घोरनिद्रा. पौषांतील शाकंभरी नवरात्रापूर्वींची ती मोहनिद्रा. आणि विजयादशमीचें सीमोल्लंघन झाल्यावर कोजागिरी पौर्णिमेपर्यंत चालते ती श्रमनिद्रा. तिन्ही मिळून सुमारें तीन आठवडे देवी निजलेली असते. त्या पलंगाचा मान नगरकडील घराण्यांकडे आहे, आणि पालखी बुऱ्हाणनगराहून येते. दसऱ्याच्या पहाटे मूर्ति साड्यांत लपेटून पालखींत बसवितात, मिरवितात आणि मग पलंगावर निजवितात.

'श्रमनिद्रा' हा शब्द आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. नऊ दिवस झुंजलेली देवी थकली आहे, तिला आतां विसांवा पाहिजे, तिला कोणी उठवूं नये, असा त्याचा सरळ अर्थ. ज्या लोकांनीं साक्षात् शक्तीलाही थकवा येतो असें मानिलें, आणि त्या थकव्याची सोय पंचांगांत करून ठेविली, त्यांची समज खरोखर मोठी होती.

कांहीं वर्षांपूर्वीं कोजागिरीच्या सुमारास आम्ही तुळजापुरीं गेलों होतों. सोलापूरच्या बाजूनें व कर्नाटकांतून पायीं येणाऱ्या यात्रेकरूंची रीघ लागली होती. त्यांत एक तरुण बाई होती. कडेवर मूल, डोक्यावर गांठोडें आणि दुसऱ्या हातांत म्हाताऱ्या सासूचा हात. तळपायास चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. आमच्या बरोबरचे एक गृहस्थ तिच्याकडे पाहून कौतुकानें म्हणाले, "काय खंबीर असतात हो ह्या बायका!" आम्हीही मान डोलाविली. ती बाई पुढें गेली, आणि मग आमच्या ध्यानांत आलें कीं तिचें गांठोडें घ्यावें असें आम्हां दोघांपैकीं कोणासही सुचलें नव्हतें.

त्या एका शब्दाचा इतिहास पाहावा म्हणून हा लेख आहे. निजामाच्या नांवावरून उस्मानाबाद झालेला व सन २०२३ मध्यें पुन्हा धाराशिव हें नांव लाभलेला हा जिल्हा त्यासाठीं आम्हीं निवडला. कारण भवानी येथलीच, आणि गेल्या शतकांतील जवळजवळ प्रत्येक मोठ्या आपत्तीचा भारही येथल्या बायकांच्याच डोक्यावरून वाहिला गेला आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. येथल्या बायका कणखर नाहींत असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. त्यांचें बळ खरें आहे आणि त्यावरच हा मुलूख उभा राहिला आहे. आमची तक्रार बळाविषयीं नसून अपेक्षेविषयीं आहे. बाईनें संकटांत धीर धरला तर तो तिचा गुण. पण तिनें धीर धरलाच पाहिजे असें आपण गृहीत धरलें म्हणजे त्या गुणाचें ऋण होतें, आणि तें ऋण तिनें जन्मभर फेडीत बसावयाचें असतें. 'सोशिक', 'खमकी', 'पुरुषासारखी', 'वाघीण' ह्या विशेषणांकडे नीट पाहिलें तर एक चमत्कार दिसतो. जेथें मदत यावयाची तेथें बहुधा हीं विशेषणें येतात. ज्या बाईच्या हातांतील ओझें आपण घेत नाहीं तिच्याच गळ्यांत आपण कौतुकाची माळ घालतों.

जुन्या काळीं ह्या बळास एक वाट होती, ती म्हणजे जातें. पहाटे उठून दळावयाचें हें कष्टाचें काम खरें. परंतु त्या घरघरींत बाईला जें बोलावयाचें तें बोलतां येत असे. सासर, माहेर, भाऊ, मेलेलें मूल, नवऱ्याचा मार, सारें ओवींत येई, आणि ओवी आहे म्हणून त्यास कोणी हरकत घेत नसे. साने गुरुजींनीं अशा ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' ह्या नांवानें प्रसिद्ध केल्या. पुढें गी प्वातवाँ व हेमा राइरकर ह्यांनीं महाराष्ट्रांतील गांवोगांव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. ह्या प्रचंड संग्रहाचा अर्थ इतकाच कीं, सोशिक म्हणविल्या जाणाऱ्या बायका गप्प कधींच नव्हत्या. त्या बोलत होत्या. मात्र दगडापाशीं, अंधारांत आणि घर झोंपेंत असतांना. मग गांवांत पिठाची गिरणी आली. तिनें बाईच्या खांद्यांवरचे कष्ट काढून घेतले, ही मोठीच सोय झाली. परंतु त्याबरोबर बोलण्याची ती जागाही गेली, आणि तिच्या बदलीं दुसरी जागा कोणी करून दिली नाहीं.

दुसरी वाट भवानीचीच होती. कवड्यांची माळ घातलेल्या, हातीं परडी घेऊन जोगवा मागणाऱ्या आराधी बायका ह्या भागांत आजही दिसतात. कोणा बाईच्या अंगांत देवी आली म्हणजे ती मोकळ्या केसांनीं घुमते, ओरडते, घरच्यांस दरडावते. आणि जे तिला एरवीं एक शब्द बोलूं देत नसत तेच हात जोडून तिचें ऐकतात. ह्या प्रकारास कोणी श्रद्धा म्हणो, कोणी रोग म्हणो. आम्हांस त्यांत एवढेंच दिसतें कीं, बाई म्हणून जी गोष्ट तिला सांगतां येत नव्हती ती सांगण्यासाठीं तिला देवी व्हावें लागलें.

हें झालें सर्वसाधारण शेतकरी स्त्रीचें. तिच्याहून खालच्या पायरीवर ढकलल्या गेलेल्या दलित स्त्रीकडून तर बळाची अपेक्षा दुप्पट होती. गांवकीचीं कामें महार-मांगांच्या घराण्यांवर लादलेलीं असत, आणि घरांतील पुरुष गांवकीस जुंपला गेला म्हणजे चूल पेटती ठेवण्याचा भार बाईवर पडे. सरपणाची मोळी विकावी, शेण-माती करावी, शिव्या ऐकाव्या आणि दारांतून वाढलेलें शिळेंपाकें घेऊन परतावें. आज ह्या जिल्ह्यांत असलेल्या कसबे तडवळे येथें फेब्रुवारी १९४१ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या उपस्थितींत महार-मांग वतनदार परिषद भरली, तिच्या मुळाशीं हेंच वतनाचें जोखड होतें. त्या चळवळींत बायकाही होत्या. परंतु त्यांचीं नांवें इतिहासांत यावयास उर्मिला पवार व मीनाक्षी मून ह्यांचें 'आम्हीही इतिहास घडवला' हें पुस्तक १९८९ सालीं निघावें लागलें.

फलटणच्या बेबीताई कांबळे ह्या जिल्ह्याच्या नव्हेत, तथापि त्यांचें उदाहरण येथें दिल्यावांचून राहवत नाहीं. 'जिणं आमुचं' ह्या १९८६ सालीं ग्रंथरूपानें आलेल्या आत्मकथनांत त्यांनीं महार समाजांतील स्त्रियांचें दैन्य व धैर्य निर्भयपणें लिहिलें. हें लेखन त्यांनीं कित्येक वर्षें घरच्यांपासून लपवून ठेविलें होतें. समाजाचें दुःख त्यांनीं पानोपानीं सांगितलें. परंतु स्वतः नवऱ्याच्या हातचा जो मार खाल्ला तो पुस्तकांत न सांगतां फार पुढें एका मुलाखतींत विचारल्यावर सांगितला. समाजाची कैफियत मांडणाऱ्या एवढ्या धीट लेखिकेसही स्वतःचें रडणें मागें ठेवावें लागलें. कणखरपणाची अपेक्षा बाईच्या मुखावर कसा हात ठेविते ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां आपत्तींकडे येऊं. सन १९७२ च्या दुष्काळानें मराठवाडा होरपळून निघाला. विहिरी आटल्या, गुरें गेलीं, आणि माणसें दुष्काळी कामांवर आलीं. मे १९७३ मध्यें महाराष्ट्रांत ह्या कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसें होतीं, आणि त्यांत बायकांचा वांटा फार मोठा होता. रस्त्याची खडी फोडणें, पाझर तलावाची माती वाहणें, बांध घालणें हीं कामें बायकांनीं केलीं. झुडुपाच्या सांवलींत झोळी बांधावी, तींत मूल टाकावें, आणि हातोडा घेऊन दगडापाशीं बसावें. सुकडीवर आणि परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलोवर दिवस काढलेले लोक अजून आहेत. ह्याच अनुभवांतून रोजगार हमीची योजना बळावली. १९७७ सालीं तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. मागेल त्यास काम हें तत्त्व कायद्यांत आणणारें महाराष्ट्र हें पहिलें राज्य, ह्याचा आम्हांस योग्य अभिमान आहे. बाईच्या हातीं रोख मजुरी आली हाही लाभ लहान नव्हे.

परंतु त्या अभिमानाच्या हिशेबांत एक रकाना कोरा राहिला आहे. संध्याकाळीं काम सुटलें कीं पुरुष पारावर टेंकत असे. बाईची दुसरी पाळी तेव्हां सुरू होई. हंडा घेऊन कोसभर पाण्यास जावें, चूल पेटवावी, सर्वांचें खाणें झाल्यावर उरेल तें खावें. दुष्काळांत किती तलाव झाले ह्याचे आंकडे सरकारपाशीं आहेत. किती बायकांचे गर्भ खडीच्या ढिगाऱ्यावर गेले, किती जणींच्या कंबरा कायमच्या वांकल्या, ह्याची नोंद कोठेंच नाहीं. 'बायकांनीं दुष्काळ अंगावर घेतला' असें आम्ही मोठ्या गौरवानें म्हणतों; ज्या अंगांवर तो घेतला त्या अंगांचें पुढें काय झालें हें विचारीत नाहीं.

तीस सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपति बोळवून गांव झोंपलें असतां, पहाटे चार वाजण्याच्या सुमारास भूकंप झाला. त्या वेळच्या लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गांवें भुईसपाट झालीं. सरकारी गणतीनें सुमारें आठ हजार माणसें गेलीं. ह्या भागांतील जुनीं घरें म्हणजे मातींत रचलेल्या दगडांच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत गार राहणारें हें घर त्या पहाटे निजलेल्या माणसांच्या अंगावर आलें. इकडे सास्तूर, होळी, राजेगांव, पेठसांगवी ह्या गांवांनीं जें पाहिलें तें शब्दांत मांडणें कठीण.

पुढें ह्या पट्ट्यांत जाण्याचा आम्हांस योग आला. एका नव्या वसाहतींत, सरकारी घराच्या ओट्यावर एक वृद्ध बाई तूर निवडीत बसली होती. तिच्या घरांतील चौघे त्या रात्रीं गेले होते. "आजी, तुम्ही त्या वेळीं फार धीर धरलात म्हणतात," असें आम्हीं म्हटलें. तिनें सूप खालीं ठेविलें. "धीर कशाचा लेकरा? रडायला सवड व्हती कुठं? दोन लेकरं वाचली व्हती, त्येंला भाकर कोन देनार? समदे म्हनायचे, तू रडलीस तर ह्येंनी कुनाकडं बघायचं? मग न्हाई रडले." थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "आता रडाय बसलं तर येतच न्हाई."

तिच्या शेवटच्या वाक्यानें आम्ही निरुत्तर झालों. लोक म्हणाले त्यांत दुष्टपणा नव्हता. तिला धीर यावा म्हणूनच ते बोलले. परंतु चार माणसें गमावलेल्या बाईस रडण्याचीही सवड न देणारा तो धीर कोणाच्या सोयीचा होता?

ह्याच भूकंपानंतरच्या काळांतील दुसरी एक हकीकत मात्र आशा वाढविणारी आहे. जागतिक बँकेच्या साहाय्यानें जी पुनर्वसनाची योजना झाली तींत, ज्या गांवांतील घरें सर्वस्वीं पडलीं नव्हतीं त्यांच्या दुरुस्तीचें व बळकटीकरणाचें मोठें काम होतें. प्रेमा गोपालन ह्यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेनें त्या कामीं गांवोगांवच्या बायकांस 'संवाद सहायक' म्हणून पुढें आणिलें. ज्यांनीं तोंवर इंजिनिअराशीं एक शब्द बोललेला नव्हता त्या सिमेंट, सळई व अनुदानाचे हप्ते ह्यांविषयीं सभेंत बोलूं लागल्या. सन २००१ मध्यें गुजराथेंत भूकंप झाला तेव्हां ह्या भागांतील बायका कच्छांत गेल्या आणि तेथील बायकांपाशीं बसल्या. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननेंही खेड्यांतील साध्या बायकांस शिकवून 'भारतवैद्य' म्हणून उभें केलें. वरील आजीच्या धीरांत आणि ह्या बायकांच्या धीरांत फरक कोणता? आमच्या मतें तो एवढाच कीं, आजी एकटी होती. जें बळ चार जणींत वांटलेलें असतें तें माणसास वाढवितें. जें एकटीवर लादलेलें असतें तें तिला झिजवितें. खेदाची गोष्ट अशी कीं, नव्या वसाहती रुंद रस्त्यांच्या व आंखीव चौकोनांच्या झाल्या. जुन्या बोळांत समोरासमोरच्या उंबऱ्यांवर बसून होणारें बोलणें त्या रुंदींत विरून गेलें. घरें परत मिळालीं, पण शेजार मिळाला नाहीं.

भूकंप एकदांच आला. त्यानंतर आलेली आपत्ति वर्षानुवर्षें थोडी थोडी येत राहिली, ती म्हणजे शेतकऱ्यांच्या आत्महत्या. कर्ज, पावसाची ओढ आणि पडलेला भाव ह्यांनीं पुरुष खचला कीं वर्तमानपत्रांत त्याची बातमी येते. त्याची बायको बातमींत शेवटच्या ओळींत असते: 'त्याच्या मागें पत्नी व दोन मुलें आहेत.' खरें पाहतां कथा तेथूनच पुढें चालते. सरकारी नियमांप्रमाणें मृत्यु 'पात्र' कीं 'अपात्र' हें ठरवितात. पात्र ठरल्यास कुटुंबास एक लाख रुपये मिळतात, अपात्र ठरल्यास कांहीं नाहीं. त्यासाठीं सातबारा, कर्जाचे दाखले, पंचनामा हीं कागदपत्रें घेऊन तिनें तहसिलींत खेपा घालावयाच्या. सावकार तिच्याच दारीं येतो, दीर जमिनीविषयीं बोलूं लागतो, आणि भेटीस येणारे पाहुणे तोच जुना मंत्र सांगून जातात: पोरांकडे बघ, खंबीर हो. नवऱ्यास थकण्याची मुभा नव्हती म्हणून तो गेला, हें आपण आतां कोठें समजूं लागलों आहोंत. तीच मुभा त्याच्या बायकोसही नाहीं, हें समजावयास आणखी किती वर्षें लागणार?

सन २०१५ मध्यें राज्य सरकारनें यवतमाळ व उस्मानाबाद ह्या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू केलें, आणि आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठीं प्रेरणा प्रकल्पाखालीं मानसोपचाराची व समुपदेशनाची व्यवस्था केली. मनाचें दुखणें हेंही दुखणेंच आहे असें सरकारनें मान्य केलें, ही मोठी पायरी होय. ह्यांत घरोघर जाऊन माणसांच्या मनाची विचारपूस करण्याचें काम आशा कार्यकर्तीवर आलें. ती त्याच गांवची, बहुधा त्याच परिस्थितींतली बाई. तुटपुंज्या मोबदल्यासाठीं संप करावा लागणारी. सर्व गांवाचें दुःख टिपून घेणाऱ्या ह्या बाईची विचारपूस कोणी करावी, हें मात्र कोणत्याही कागदावर लिहिलेलें नाहीं.

आणि एक प्रकार सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं. दिवाळी सरली कीं कळंब, वाशी, भूम, परंडा आणि शेजारचा बीड जिल्हा येथून हजारों जोडपीं ऊसतोडीस जातात. मुकादमाच्या लेखीं नवरा व बायको मिळून एक 'कोयता'. उचल दोघांच्या नांवें घेतलेली. एक दिवस खाडा झाला तर दंड. पहाटे काळोखांत फडांत उतरावें, ऊस तोडावा, बांधलेली मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवरून वर चढावें. पाळी असो, पोटांत मूल असो, बाळंतपणास महिना झालेला असो. दुखणें अंगावर काढतां काढतां अनेकींनीं गर्भाशय काढून घेण्याचा मार्ग पत्करला. सन २०१९ मध्यें ह्याचा बोभाटा होऊन नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. बीड जिल्ह्यांत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तींत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. राबण्यास शरीर आड येऊं लागलें म्हणून शरीराचाच एक भाग काढून टाकावयाचा, ह्याच्या पलीकडे बळाची अपेक्षा कोठवर जाणार?

हें दुःख केवळ आमच्याच मुलुखाचें आहे काय? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना महात्मा फुले ह्यांनीं दाखविलेल्या दिशेस पाहावें लागतें. १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक त्यांनीं अमेरिकेंतील ज्या सदाचारी लोकांनीं निग्रोंस दास्यांतून मुक्त केलें त्यांस अर्पण केलें. आपल्या शूद्रातिशूद्रांचें दुःख आणि सातां समुद्रांपलीकडील कृष्णवर्णीयांचें दुःख ह्यांतील नातें त्यांनीं ओळखलें होतें. पुढें १९४६ सालीं डॉ. आंबेडकरांनीं कृष्णवर्णीयांचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस ह्यांस पत्र लिहून हाच धागा पुन्हा हातीं घेतला.

अमेरिकेंत गुलाम स्त्रीस कपाशीच्या शेतांत पुरुषाच्या बरोबरीनें राबविलें जाई, आणि तिला वेदना कमी होतात असा सोयीस्कर समज मालकांनीं करून घेतला होता. १८४० नंतरच्या दशकांत मॅरियन सिम्स नांवाच्या शस्त्रवैद्यानें गुलाम स्त्रियांवर भूल न देतां वारंवार शस्त्रक्रिया केल्या. गुलामगिरी गेली, तरी तो समज गेला नाहीं. २०१६ सालच्या एका पाहणींत वैद्यकाच्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते असल्या गोष्टी खऱ्या वाटत असल्याचें आढळलें. दुसरीकडे, 'समर्थ कृष्णवर्णीय स्त्री' हें गौरवाचें बिरुद झालें. संकटांतून समाज तारून नेणारी ती हीच. १९७९ सालीं मिशेल वॉलेस ह्या तरुण लेखिकेनें ह्या बिरुदास मिथ्यकथा म्हटलें, तेव्हां स्वकीयांनींच तिच्यावर टीकेचा भडिमार केला. पुढें १९९२ सालीं आर्लीन जेरोनिमस ह्या विदुषीनें असें मांडलें कीं, पाऊसवाऱ्यानें खडक झिजावा तसें अन्यायाच्या सततच्या ताणानें ह्या स्त्रियांचें शरीर वयाच्या आधींच झिजतें. २०१० सालीं चेरिल वूड्स-गिस्कोंबे ह्यांनीं कृष्णवर्णीय स्त्रियांशीं बोलून त्यांच्यावरील अपेक्षांचीं पांच अंगें नोंदविलीं: बळ दाखविलेंच पाहिजे, भावना आंत दाबल्या पाहिजेत, कोणाचा आधार घेतां कामा नये, साधनें नसलीं तरी यश मिळविलेंच पाहिजे, आणि स्वतःच्या आधीं दुसऱ्यास मदत केली पाहिजे. ह्या अपेक्षांनीं त्या स्त्रियांस उभें राहण्याची शक्ति दिली, आणि त्याच अपेक्षांनीं त्यांची झोंप, रक्तदाब व मनःशांति हिरावून घेतली, असें त्यांच्याच बोलण्यांतून निघालें.

वंशभेद आणि जातिभेद एकच नव्हेत, आणि फडांतील बाईची व शिकागोच्या कारखान्यांतील बाईची तुलना हातचें राखूनच केली पाहिजे. परंतु वरील पांच अंगें वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें ती तूर निवडणारी आजीच उभी राहिली. तिनें इंग्रजी संशोधन वाचलेलें नव्हतें. पांचही गोष्टी तिनें तीन वाक्यांत सांगितल्या होत्या.

कोणी म्हणेल, अहो, मग काय बायकांनीं हातपाय गाळून बसावें? संसार कोणी चालवावा? हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, आणि तो बहुधा त्यांच्याच तोंडून येतो ज्यांचा संसार दुसऱ्याच्या पाठीवर चाललेला असतो. बाईनें धीर सोडावा असें आमचें म्हणणें नाहीं. तिनें धीर धरला म्हणून आपण तिला सोडून द्यावें हें मात्र आम्हांस मान्य नाहीं. महाराष्ट्रांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगांत पुरेसें रक्त नाहीं, असें राष्ट्रीय पाहणी सांगते. अंगांत रक्त नसलेल्या माणसास वाघीण म्हणून काय साधणार? तिला जेवणाच्या पंगतींत शेवटीं बसवूं नये, तिच्या दुखण्यास 'बाईचें चालतेंच' म्हणूं नये, आणि तिला रडूं आलें तर पोरांकडे बोट दाखवूं नये. हें करावयास कायदा लागत नाहीं, मोठें अनुदानही लागत नाहीं. आमच्या मध्यमवर्गीय घरांतही हीच कसोटी आहे. जी आई सर्वांच्या आधीं उठते व सर्वांच्या मागून निजते तिच्याविषयीं आपण सभासंमेलनांतून गहिवरून बोलतों. ती आजारी पडली म्हणजे मात्र 'तिला कधीं कांहीं होत नाहीं, आतांच काय झालें?' असें म्हणून चिडतों.

तुळजापूरच्या त्या पलंगाकडे पुन्हा एकदां पाहूं या. भवानी निजलेली असते तेव्हां तिची भक्ति कमी होत नाहीं. पलंगावर आहे म्हणून ती अबला झाली असें कोणा भक्तास वाटत नाहीं. तिची सेवा त्या दिवसांतही चालते. उलट तीं अधिक जपून, हलक्या पावलांनीं केली जाते. आमच्या पूर्वजांनीं शक्तीची पूजा करितांना तिच्या श्रमाचीही पूजा केली, आणि श्रमानंतरची निद्रा हा तिचा हक्क मानिला. देवळांत पाळलेला तो नियम देवळाच्या पायऱ्या उतरतांच आपण कां विसरतों? ज्या दिवशीं गांठोडें वाहून आलेल्या बाईस पाहून 'काय खंबीर आहे' असें म्हणण्यापूर्वीं आपला हात त्या गांठोड्याकडे जाईल, त्या दिवशीं भवानीची श्रमनिद्रा आपणांस खरी कळली असें आम्ही समजूं.